त्या सोळा मिनिटांत तुम्ही कुठे होता?

बसा. मोबाइल टेबलावर काढून ठेवा. सगळ्यांचे.

कालच्या सरावाचे अहवाल मी रात्री वाचले. तिसऱ्या तुकडीचा अहवाल सगळ्यात देखणा आहे. टाइप केलेला, फोटो जोडलेले, प्रत्येक ओळीपुढे वेळ. 11:42 ला टार्गेट नळ स्टॉपच्या सिग्नलला थांबलं. 11:58 ला कोथरूडमध्ये एका दवाखान्यासमोर गाडी लावली. मधल्या सोळा मिनिटांसाठी एकच ओळ आहे : ‘टार्गेट सरळ कोथरूडच्या दिशेने.’ टार्गेट म्हणजे आपल्या मॅडम. त्या स्वतःहून तयार झाल्या होत्या म्हणून तुम्हाला त्यांच्या मागावर सोडलं. सिग्नल सुटल्यावर त्या वळल्या आणि अर्ध्या तासात इथे परत आल्या. कोथरूडला त्या गेल्याच नाहीत.

मग चार तास तुम्ही कोणाच्या मागे होता?

पुण्यात भर दुपारी सिग्नलला उभ्या असलेल्या बायकांकडे पाहा. तोंडावर स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे आणि खाली ॲक्टिव्हा. चेहऱ्यावरून त्यांना ओळखता येत नाही, हे तुम्हाला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. नंबर प्लेट वाचा. आरसा तुटलेला आहे का बघा, डिकीवरचा ओरखडा बघा, पायातली चप्पल बघा. माणूस टोपी बदलतो, शर्ट बदलतो, पण रस्त्यात चपला बदलत नाही. तुमच्या कच्च्या नोंदीत नंबर प्लेटचे शेवटचे चार आकडे सकाळी 10:50 ला लिहिलेले आहेत आणि त्यानंतर एकदाही नाहीत. सिग्नलनंतर तुम्ही स्कार्फचा रंग पाहिलात आणि निघालात.

ती बाई आधी दवाखान्यात गेली, मग मुलीच्या शाळेवर गेली. तुम्ही तिच्या मुलीचा फोटो काढलात. गणवेशासकट. तिने कोणाचं काय केलं होतं? तिचा संसार, तिचं आजारपण, तिच्या लेकराची शाळा सुटायची वेळ, सगळं आज एका फाइलमध्ये माझ्या टेबलावर पडलं आहे, आणि तिला त्याचा पत्ताही नाही. हे फोटो आत्ता माझ्यासमोर पुसायचे. फोनमधले, मेमरी कार्डवरचे आणि तुकडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचेसुद्धा. त्यानंतर पुढचं बोलू.

माग सुटणं हा गुन्हा नाही. तीस वर्षं पाळत ठेवलेल्या माणसाचाही माग सुटतो. गर्दी आहे, रिक्षा आडवी येते, बस मध्ये घुसते. सुटला की त्या क्षणी कानातल्या फोनवर ‘लॉस’ म्हणायचं, वेळ लिहायची, जागा लिहायची आणि थांबायचं. पुन्हा सापडला तर कशावरून ओळखला ते लिहायचं. त्या सोळा मिनिटांपुढे ‘माग सुटला’ एवढे दोन शब्द असते, तर मी तुम्हाला एक अवाक्षर बोललो नसतो. तुम्ही ती जागा मनाने भरलीत. या धंद्यात याहून मोठं पाप मला माहीत नाही, कारण उद्या हाच कागद घेऊन कोणीतरी घटस्फोटाच्या दाव्यात उभा राहणार आहे.

पहिल्या तुकडीने तिघांची रचना लावली, ते बरं केलं. एक जवळ, दुसरा त्याच्या मागे, तिसरा समोरच्या फुटपाथवर. पण तुमचं टार्गेट असलेले सर लक्ष्मी रस्त्यावरून तुळशीबागेच्या बोळात वळल्यावर तुमचा पुढचा गडी त्यांच्यामागोमाग बोळात शिरला. वळणावर पुढच्याने सरळ निघून जायचं असतं आणि वळणारा माग दुसऱ्याने उचलायचा असतो. सर बोळाच्या तोंडाशीच बांगड्या बघत उभे होते. समोरासमोर नजरानजर झाली आणि तुमचा माणूस दिवसभरासाठी वाया गेला. हे उद्या पुन्हा करून घेईन.

आता दुसऱ्या तुकडीकडे येतो. तुमच्या अहवालात एक वाक्य आहे : ‘टार्गेट व सदर पुरुष यांच्यात प्रेमसंबंध असल्याचे दिसून आले.’ दिसून आले? काय दिसलं ते सांगा. दोघं अमृततुल्यात बसले, दोन चहा घेतले, बावीस मिनिटं बोलले, पैसे त्या पुरुषाने दिले. एवढंच दिसलं. बाकीचं तुमच्या डोक्यात आहे. तो माणूस भाऊ असेल, बँकेचा एजंट असेल, शाळेतला जुना सोबती असेल. ‘संशयास्पद’, ‘जवळीक’, ‘लगट’ हे शब्द मला पुन्हा कुठल्याही अहवालात दिसले तर तो अहवाल मी वाचणार नाही. लग्नाआधीच्या चौकशीत असल्या एका शब्दावर जमलेली सोयरीक मोडते. मोडलेल्या लग्नाचं कारण त्या मुलीला आयुष्यभर कोणी सांगत नाही.

तुमच्यातला एकजण काल म्हणाला, कौटुंबिक न्यायालयात सगळं चालतं. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम 14 त्याने कुठेतरी वाचलं आहे. न्यायालय कागद स्वीकारू शकतं, हे खरं. पण स्वीकारलेल्या कागदावर विश्वास ठेवलाच पाहिजे, असं त्या कलमात कुठे म्हटलंय? उलटतपासणीला उभं राहा म्हणजे कळेल. अंतर किती होतं, उजेड कुठून येत होता, नोंद तिथेच केली की संध्याकाळी घरी बसून, चेहरा दिसला का. सोळा मिनिटांचा प्रश्न पहिल्या पाचात येईल. आणि फोटो? जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकरांचा जो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यात 2020 मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं, की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत द्यायची तर सोबत प्रमाणपत्र हवंच. आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली त्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्यही लिहावं लागतं. दुसरी तुकडी, तुम्ही फोटो व्हॉट्सॲपवर टाकलेत, तिथे ते दाबले गेले, त्यांच्या आतली वेळ-तारीख गळाली, आणि मूळ फोटो ‘जागा कमी पडते’ म्हणून पुसलेत. माणसाच्या मागे दिवस घालवून पुराव्याचा गळा स्वतःच्या हाताने दाबलात.

आणखी एक गोष्ट डोक्यातून काढा. तुमच्या खिशातल्या ओळखपत्राला कायद्यात किंमत नाही. 2005 चा खाजगी सुरक्षा संस्थांचा कायदा गार्डांसाठी आहे. गुप्तहेर संस्थांसाठी 2007 साली राज्यसभेत विधेयक मांडलं गेलं, त्याचा कायदा झालाच नाही. म्हणजे रस्त्यावर तुमचे अधिकार भाजी घ्यायला आलेल्या माणसाएवढे. त्याहून एक इंच जास्त नाहीत. भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये बाईचा पाठलाग आणि तिच्या इंटरनेट-ईमेलवर नजर ठेवणं या दोन्हींबद्दल लिहिलं आहे. गुन्हा रोखण्याची जबाबदारी राज्याने सोपवली असेल तर त्यात सूट आहे. तुमच्यावर राज्याने काहीही सोपवलेलं नाही. बहिर्जी नाईकांचा फोटो तुम्ही वर्गात लावलात, लावा. पण ते स्वराज्यासाठी शत्रूच्या मुलखात फिरत होते. तुम्ही पैसे घेऊन आपल्याच गावातल्या माणसाच्या दारात उभे राहता. त्यांचं नाव घेऊन स्वतःला मोठं करू नका.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. चौथ्या तुकडीने ‘कुरिअरवाला बोलतोय’ म्हणून फोन केला, टार्गेटच्या ऑफिसचा पत्ता काढला आणि मोठ्या अभिमानाने लिहिला. नीट ऐका. 1999 मध्ये अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात एका तरुणाने माहिती विकणाऱ्या संस्थेकडून एका मुलीची माहिती विकत घेतली. ती कुठे काम करते ते हवं होतं, म्हणून संस्थेच्या वतीने तिलाच खोटं कारण सांगून फोन केला गेला. तिने सांगितलं. तो तरुण तिच्या कामाच्या जागी गेला, ती बाहेर पडत असताना तिला गोळ्या घातल्या आणि स्वतःलाही संपवलं. तिचं वय वीस वर्षं. 2003 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की एखाद्याची माहिती गिऱ्हाइकाला देताना वाजवी काळजी घेणं हे तपास करणाऱ्याचं कर्तव्य आहे. त्या खुनाच्या दहा वर्षं आधी, 1989 मध्ये, लॉस एंजेलिसला रिबेका शेफर नावाच्या अभिनेत्रीच्या घराचा पत्ता एका वेड्या चाहत्याने खाजगी गुप्तहेरामार्फत वाहन नोंदणीच्या दप्तरातून मिळवला होता. तिने दार उघडलं आणि त्याने गोळी घातली. त्या गुप्तहेरांचं काम चोख झालं होतं. पत्ते बरोबर होते.

तुम्ही मला आजवर लेन्स विचारली, ट्रॅकर विचारला, बटणातला कॅमेरा विचारला. गिऱ्हाईक कोण आहे, हे एकानेही विचारलं नाही. नवरा बायकोचा पत्ता मागतोय, ती माहेरीही नाही, तर ती का गेली? तिने पोलिसांत तक्रार दिली आहे का? न्यायालयाचा संरक्षण आदेश आहे का? दावा दाखल असेल तर त्याचा क्रमांक मागा, वकिलाचं पत्र मागा, गिऱ्हाइकाची ओळख तपासा. पळून गेलेला माणूस सापडला, तर पत्ता गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. आधी त्या माणसाला विचारायचं. तो नको म्हणाला तर ‘सुखरूप आहे’ एवढंच कळवायचं आणि फी परत द्यायची वेळ आली तर द्यायची. ज्याला हे परवडत नाही त्याने दुसरा धंदा बघावा.

शेवटचं. कॅन्टीनमध्ये कोणीतरी म्हणालं, की ओळखीचा माणूस आहे, सीडीआर काढून देतो. 2013 मध्ये अरुण जेटलींचे कॉल रेकॉर्ड बेकायदा काढल्याच्या प्रकरणात दिल्लीत खाजगी गुप्तहेरांना अटक झाली. 2018 मध्ये ठाण्याच्या पोलिसांनी सीडीआर विकणाऱ्यांवर हात टाकला, तेव्हाही अटक झालेल्यांत गुप्तहेर होते. कॉल रेकॉर्ड मागायचा अधिकार तपास करणाऱ्या सरकारी यंत्रणेचा आहे, आणि तोही ठरलेल्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यामार्फत. तुम्हाला तो पैशाने मिळत असेल तर कोणीतरी तो चोरतो आहे आणि तुम्ही चोरीचा माल घेता आहात. कोण म्हणालं, ते मला माहीत आहे. त्याने वर्ग सुटल्यावर थांबायचं. त्याची फी परत करायला ऑफिसात सांगून ठेवलं आहे.

बाकीच्यांनी आज संध्याकाळपर्यंत अहवाल पुन्हा लिहायचे, हाताने, कच्च्या नोंदी सोबत जोडून. तिसरी तुकडी, फोन उचला. आधी फोटो.