हातांची लाज

रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात शहापूरच्या एका तरुणाने आम्हाला विचारले, ‘‘बारा वर्षे गोदामात हमाली केली. आता ती सोडून संगणकाच्या कामात शिरलो, तर तो लोभ ठरेल का?’’ गेले दीड वर्ष रात्रपाळीहून परतल्यावर तो प्रोग्रामिंग शिकतो आहे. शिक्षक नाही, वर्ग नाही. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या ‘स्वयम्’वरील मोफत पाठ, तेही इंग्रजीत. एकेक वाक्य तीनदा ऐकायचे नि वहीत मराठीत उतरवायचे!

धंदा बदलणे पाप नव्हे. मत्तयाने जकातीचे नाके सोडले, पेत्राने जाळी सोडली. घरच्यांच्या पोटाचा प्रश्न मात्र उरतोच. नवे काम हाती येईपर्यंत जुने सोडू नये, इतके आम्ही त्याला तिथेच सांगितले.

परंतु त्याचे खरे कारण नंतर बाहेर आले. मुलीच्या शाळेच्या अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात ‘हमाल’ लिहिताना त्याचा हात अडतो. हे ऐकून आम्हीच ओशाळलो. ही लाज त्याला कोणी दिली? पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा श्रमिक संत योसेफांचा सण ठरवला. नाझरेथच्या त्या सुतारापुढे आम्ही मेणबत्त्या लावतो आणि सोयरीक जुळवताना मुलगा ‘ऑफिसात’ आहे ना, हे आधी विचारतो. दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात स्पष्ट केले, की कामाचे मोल मुख्यतः ते करणाऱ्या माणसामुळे ठरते, कामाच्या प्रकारामुळे नव्हे. हमाली हलकी म्हणून सोडणारा उद्या प्रोग्रामिंगलाही हलके म्हणेल. नवशिक्याचे पुष्कळसे काम आता यंत्रच करू लागले आहे. चौदावे लिओ यांनी २०२५ मध्ये नाव निवडताना, १८९१ साली कामगारांचा कैवार घेणाऱ्या तेराव्या लिओंचे स्मरण केले, ते या कृत्रिम बुद्धिमत्तेकडे पाहूनच.

त्याच वर्षी संतपद मिळालेले कार्लो आकुतिसही प्रोग्रामिंग स्वतःच शिकले होते. पंधराव्या वर्षी, २००६ साली ते वारले. त्यांना त्यावर पोट भरायचे नव्हते, हा फरक आहेच.

‘‘शीक, जरूर शीक,’’ आम्ही म्हणालो, ‘‘पण यंदाच्या अर्जात ‘हमाल’ लिही. आणि मुलीसमोर लिही.’’

तो काही बोलला नाही. रात्रपाळीपूर्वी थोडी झोप घ्यायची होती, म्हणून निघाला.