शेवट ठाऊक असलेला सिनेमा

“‘सायको’ काय बघायचा मामा, शेवट सगळ्या जगाला ठाऊक आहे!” असं म्हणून भाच्याने रिमोट माझ्या हातात कोंबला. तेव्हा उत्तर सुचलं नाही, त्यामुळे वाक्य डोक्यातून जाईना.

न्हाणीघरातला खून, किंचाळणारी व्हायोलिनं, रक्ताऐवजी चॉकलेटचं सिरप, हे सगळं इतक्यांदा सांगून झालंय की पुन्हा उगाळत नाही. पण 1960 साली खुद्द हिचकॉकने शेवट जिवापाड जपला होता. खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही, असा दंडक त्याने थिएटरांना घातला आणि शेवट फोडू नका म्हणून प्रेक्षकांना विनवलं. म्हणजे दिग्दर्शकच भाच्याच्या बाजूचा म्हणायचा!

मी मात्र चकवणारा सिनेमा आणि गुंतवणारा सिनेमा असा फरक करत आलोय. चकवा एकदाच लागतो. गुंतणं पुन्हा पुन्हा होतं, आणि दर वेळी वेगळं. खुनानंतरचा प्रसंग घ्या. मोटेल चालवणारा नॉर्मन बादली आणि मॉप घेऊन येतो. टब धुतो, फरशी पुसतो, प्रेत शॉवरच्याच पडद्यात गुंडाळून डिकीत ठेवतो. वर्तमानपत्रात लपवलेले चोरीचे 40,000 डॉलर न बघताच पाठोपाठ फेकतो. मग गाडी दलदलीत ढकलतो. ती बुडत जाते आणि मध्येच अडते. काहीतरी चघळत उभ्या असलेल्या नॉर्मनचं तोंड थांबतं, आणि आपल्याही मनात येतं, बुड बाई एकदाची! पहिल्या वेळी या इच्छेला सबब असते: बिचारा मुलगा आईचं पाप झाकतोय. दुसऱ्या वेळी ती सबब उरत नाही. खुनी हाच, हे पक्कं ठाऊक असूनही गाडी बुडावीशी वाटते.

आपल्याकडे राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’वरून दोनच वर्षांनी, 1966 मध्ये, राज खोसलांनी ‘मेरा साया’ केला. आरोपी बाई खरी बायको की तोतया, हे ‘पाठलाग’ पाहिलेल्यांना माहीत होतं. म्हणून मराठी माणसाने ‘मेरा साया’कडे पाठ फिरवल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. “ते गाण्यांसाठी गेले असतील,” भाचा म्हणाला. असतील. गाण्यात गुंतणं हेही गुंतणंच.

तरी शेवट कळल्यावर बघण्यासारखं काही उरत नाही, हे भाच्याचं म्हणणं एका जागी मला पटत चाललंय. ‘सायको’च्या शेवटी मनोविकारतज्ज्ञ उभा राहून लांबलचक उलगडा करतो. तो भाग आज निव्वळ कंटाळवाणा आहे, कारण तो फक्त पहिल्यांदा आलेल्यांसाठी आहे. चकव्याची किंमत हिचकॉकला इथे मोजावी लागली.

1960 सालीच, ‘सायको’च्या थोडं आधी, इंग्लंडमध्ये मायकल पॉवेलचा ‘पीपिंग टॉम’ आला. तिथे खुनी कोण हे लपवलेलंच नाही. पहिला खून आपण त्याच्याच कॅमेऱ्यातून बघतो, आणि पुढचा सगळा वेळ त्या लाजऱ्या, बापाने लहानपणीच मोडून टाकलेल्या तरुणाबरोबर काढतो. बापाच्या भूमिकेत स्वतः पॉवेल, लहान मुलाच्या भूमिकेत त्याचा स्वतःचा मुलगा. (एक गोष्ट अखेरपर्यंत राखून ठेवली आहे, ती मी फोडत नाही.) ब्रिटिश समीक्षक तुटून पडले, चित्रपट लगेच उतरवला गेला, ‘रेड शूज’सारखा चित्रपट देणाऱ्या माणसाची मायदेशातली कारकीर्द जवळपास संपली. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस मार्टिन स्कॉर्सेसीने तो पुन्हा लोकांसमोर आणला.

मी निघालो होतो ‘सायको’ची वकिली करायला. पण ‘सायको’ दुसऱ्या वेळी जे देतो, ते ‘पीपिंग टॉम’ने पहिल्याच वेळी, कसलीही सबब न पुरवता, प्रेक्षकाच्या पदरात टाकलं. लोक चिडले ते त्यामुळेच, असं मला वाटतं. या दोघांत मोठा सिनेमा ‘पीपिंग टॉम’ आहे. आधी तो पाहा, मग ‘सायको’ लावा.