फळ बघायला कोण थांबतं?

परदेशात जाऊन शेतावर राबायचं, रोपं लावायची, कासवांची अंडी राखायची आणि वर फी आपणच भरायची. याला निष्काम कर्म म्हणता येईल का? प्रश्न माझ्या भाचीचा. तिला कोस्टा रिकाला जायचंय. "मामा, पगार नाही, बक्षीस नाही, म्हणजे गीतेतलंच झालं की," असं तिचं म्हणणं. मी भिवंडीच्या शाळेत संस्कृत शिकवण्यात उमर घालवली, त्यामुळे मला कुठे गाठायचं ते तिला बरोबर कळतं.

घरात पहिला आक्षेप निघाला तो अंतराचा. कासवंच राखायची तर मंडणगड तालुक्यात वेळास आहे. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने गावकऱ्यांना हाताशी धरून २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडलेची घरटी राखली. मग सातासमुद्रापार कशाला? या आक्षेपामागे साक्षात गांधीजी उभे आहेत. १९१६ साली मद्रासला स्वदेशीवर बोलताना त्यांनी नुसतं कापड धरलं नव्हतं, सेवाही धरली होती: लांबचा राहू दे, आधी शेजारी. मला हे पटतं, पण पुरतं नाही. पियेर सेरेसोल हा स्विस इंजिनिअर १९३४च्या भूकंपानंतर बिहारमध्ये येऊन गावं उभारू लागला. त्याने सुरू केलेल्या 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल'चे स्वयंसेवक पुढे पन्नासच्या दशकात आनंदवनात बाबा आमट्यांबरोबर घाम गाळत होते. त्या काळी वरोऱ्याची माणसं कुष्ठरोग्यांनी पिकवलेली भाजी घ्यायला कचरत. शेजारीच जिथे वळसा घालून जातो, तिथे लांबच्याला नको म्हणणारे आपण कोण?

तेव्हा अंतराचं सोडा. माझी अडचण वेगळी आहे, आणि ती चिखलातली आहे.

आमची जमीन अंबाडीच्या पुढे, तानसा नदीच्या अंगाला. गणेशपुरी जवळच. नित्यानंदबाबांची समाधी, मुक्तानंदांचा आश्रम, त्यामुळे वज्रेश्वरीच्या एसटीत गोरी माणसं आम्हाला लहानपणापासून सवयीची. एका आषाढात ओळखीच्या कुणीतरी काही परदेशी मुलं थेट शेतावर आणली. त्यांना भाताच्या आवणीला हात लावायचा होता. राबावरचं रोप उपटायचं, मुठी बांधायच्या आणि चिखळणी झालेल्या खाचरात दोन-तीन काड्या अंगठ्याने हलकेच टेकवायच्या, एवढंच ते काम. खोल गेली की फुटवे कमी येतात. पाहुण्यांनी जीव ओतला आणि रोप मनगटापर्यंत दाबलं. वहिनीने चहा दिला, कौतुक केलं. ते गेल्यावर वारली बायका त्याच खाचरात उतरल्या आणि हसत हसत सगळं उपटून पुन्हा लावलं. दसरा उलटून कर्जत-३ वाणाचं भात कापणीला आलं, तेव्हा पाहुणे आपापल्या देशी.

आता शास्त्र लावून बघा. त्या मुलांनी फळाची वाट पाहिली नाही, त्यात वाटा मागितला नाही. अगदी निष्काम! उलट आमचा भाऊ करपा पडेल का, तुडतुडे येतील का, या घोरात सारा पावसाळा काढतो, म्हणजे तो सकाम, पामर. असा निकाल लागत असेल तर आपल्या वाचनातच काहीतरी खोट आहे. फळाची आशा सोडणं निराळं, फळाची जबाबदारी सोडणं निराळं. पहिल्याला गीता योग म्हणते, दुसऱ्याला आमच्या गावात अंग काढून घेणं म्हणतात. बुडालेलं पीक ज्याच्या गळ्यात पडणार, त्यानेच आशा सोडली तर त्याला काही अर्थ. कापणीआधी निघून जाणाऱ्याने हातात काही घेतलेलंच नसतं, तो सोडणार काय? आणि कामातल्या कौशल्यालाही तीच गीता योग म्हणते, हे आपण सोयीने विसरतो.

शिवाय फळ मिळतंच. फोटो, दाखला, पुढे परदेशी विद्यापीठाच्या अर्जात एक परिच्छेद. सतराव्या अध्यायात दानाची प्रतवारी आहे: ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशा योग्य माणसाला, योग्य जागी, योग्य वेळी दिलेलं ते सात्त्विक, मोबदल्यावर डोळा ठेवून दिलेलं ते राजस. भाचीचं जाणं राजसात मोडतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त पाटी सात्त्विकाची लावू नये. इंग्लंडात १९७१ साली सू कॉपर्ड या बाईंनी 'वूफ' सुरू केलं, त्याची रीत मला म्हणूनच सरळ वाटते. सेंद्रिय शेतावर काम करा, बदल्यात जेवा, राहा, शिका. कुणाचे कुणावर उपकार नाहीत.

आणखी एक सल आहे. दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबं पोराबाळांसकट येतात. घर सोडून परक्या मातीत राबणं, हेच तर तेही करतात. पण त्यांना कुणी स्वयंसेवक म्हणत नाही. उचल फेडता फेडता त्यांचा पावसाळा उजाडतो, आणि आम्ही मात्र सेवेवर निबंध लिहितो.

भाचीला मी जा म्हटलंय; शिकायला जातेय एवढं कबूल करून जा. ज्यांच्या घरी असे अर्ज भरले जाताहेत त्यांना एवढंच सांगणं: फी भरण्याआधी संस्थेला विचारा की आमची मुलं येण्याआधी हे काम कोण करत होतं, ती परतल्यावर कोण करणार आणि त्या माणसाला मजुरी काय मिळते. उत्तर धड आलं नाही तर पैसे भरू नका.