दुष्काळ सोसणारा जीव कोणता?

मुळे आणि बुरशी यांच्या सहजीवनाला मायकोरायझा हे नाव जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी १८८५ मध्ये दिले. हे सहजीवन मात्र फार जुने आहे. स्कॉटलंडमधील ऱ्हायनीच्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत वनस्पतींच्या पेशींत शिरलेली बुरशी दिसते. त्या वनस्पतींना खरी मुळेही फुटलेली नव्हती.

पाण्याचा ताण पडला की माती आणि मूळ दोन्ही आकसतात, मध्ये हवेची पोकळी पडते आणि ओल मुळापर्यंत पोचेनाशी होते. बुरशीचे काही मायक्रोमीटर जाडीचे तंतू ही पोकळी ओलांडतात. पांढरी मुळी शिरू शकत नाही अशा फटींतही ते शिरतात. त्यांतून थेट येणारे पाणी किती महत्त्वाचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण काम तेवढ्यावर थांबत नाही. कोरड्या मातीत जागचे हलत नाही ते स्फुरद तंतू आणून देतात, मुळांच्या पेशींतील पाण्याच्या वाटा नियंत्रित करणाऱ्या प्रथिनांवर परिणाम करतात आणि मातीचे कण बांधून ठेवतात. अशा झाडाची पर्णरंध्रे ताणातही बऱ्याचदा अधिक वेळ उघडी राहतात, म्हणजे अन्न तयार होत राहते. त्यातला वाटा, कधी वीस टक्क्यांपर्यंत, बुरशीला जातो.

मग दुष्काळ सोसण्याची शक्ती कोणाची, झाडाची की बुरशीची? की दोन्ही मिळून एकच जीव मानायचा? या प्रश्नाला जैन दर्शनात उपयोगी पडणारा विचार आहे. उमास्वातींचे तत्त्वार्थसूत्र परस्परांवर उपग्रह, म्हणजे उपकार, करणे हे जीवांचे कार्य मानते. या ग्रंथावरच्या पूज्यपादांच्या टीकेत त्यासाठी स्वामी-सेवक आणि गुरु-शिष्य ही उदाहरणे येतात, आणि या उपग्रहात सुखाबरोबर दुःख आणि मरणही धरलेले आहे. जीव एकमेकांत विरघळत नाहीत; वेगळे राहूनच ते एकमेकांचे जगणे घडवतात.

मातीतली वस्तुस्थिती याच्याशी जुळते. बहुतेक पिकांच्या मुळांत राहणारी बुरशी बियाण्यातून पुढे जात नाही. प्रत्येक रोपाला ती जमिनीतून नव्याने मिळवावी लागते. स्फुरद मुबलक असेल तर झाड तिला कमी थारा देते. उजेड कमी पडला तर तीच बुरशी भार होते आणि वाढ खुंटते. त्यामुळे या नात्याला निव्वळ दान म्हणणे चूक, आणि सगळे रान एकच देह मानणेही घाईचे. ताण सहन करण्याचा गुण एकट्या झाडाचा नाही. तो दोन वेगळ्या जीवांच्या संबंधात, त्या जमिनीत आणि त्या हंगामात असतो.

साम्य इथपर्यंतच आहे. तत्त्वार्थसूत्रातला जीव चेतन आहे आणि त्याचे अंतिम ध्येय मोक्ष आहे. बुरशीच्या तंतूंवरचे प्रयोग यांपैकी कशाचाही निवाडा करत नाहीत.