शनिवार वगळून ईस्टर शिकवता येतो का?

लहान मुलांना नाताळ शिकवणं सोपं आहे. बाळ, गोठा, मेंढपाळ, आकाशातला तारा: सगळी गोष्ट त्यांच्याच मापाची. ईस्टरचं तसं नाही. त्या गोष्टीत एका निरपराध माणसाला सत्ताधारी आणि धर्मपुढारी मिळून मारतात, जिवाभावाचे मित्र पळून जातात आणि तिसऱ्या दिवशी कबर रिकामी सापडते. यातलं काय सांगायचं आणि किती? आणि ज्या पोरानं घरातलं मरण पाहिलंय, त्याला ‘तो उठला’ हे दोन शब्द कसे सांगायचे?

मी वाशिम जिल्ह्यातल्या केनवडची. रविवारी मुलांना बायबलमधल्या गोष्टी सांगते. एका ईस्टरला तिसरीतल्या एका मुलानं विचारलं, “ताई, मंग माहे बाबा काहून नाही उठले?” त्याचे वडील आदल्या पावसाळ्यात गेले होते. पुनरुत्थानावर मोठमोठे ग्रंथ आहेत, पण त्यांतला सगळ्यांत अवघड प्रश्न या पोरानं एका वाक्यात विचारला होता.

मोठ्यांकडे अशा वेळी तयार उत्तरं असतात. ‘चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात.’ हे ऐकून मूल काय समजतं? माझ्या बाबांची मला गरज होती, पण देवानं आपली गरज आधी पाहिली. आपण सांत्वन म्हणून बोलतो आणि त्याच्या मनात देवाला चोर ठरवतो. दुसरं उत्तर त्याहून वाईट: ‘प्रार्थना करत राहा, सगळं ठीक होईल.’ ठीक झालं नाही की पोर स्वतःलाच दोष देतं.

तिसरं उत्तर दिसायला सुंदर आहे, आणि संडे स्कूलमध्ये ते नेहमी वापरलं जातं: बी मातीत जातं आणि त्यातून रोप उगवतं. योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या तोंडीच गव्हाच्या दाण्याची उपमा आहे. पण आमच्याकडची मुलं शेतकऱ्यांची. जूनमध्ये पेरणीआधी घरात ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे 100 दाणे मांडतात, गोणपाट गुंडाळून ठेवतात आणि काही दिवसांनी कोंब मोजतात, हे त्यांनी पाहिलेलं असतं. 70च्या खाली कोंब आले तर ते बियाणं कमअस्सल. मेलेला दाणा उगवत नाही, हे तिसरीतल्या पोराला माझ्याइतकंच ठाऊक असतं. दुबार पेरणी काय असते तेही ठाऊक असतं. बियाण्याची उपमा आत्मत्यागाबद्दल पुष्कळ सांगते, पण बाप का परत येत नाही, हे ती सांगत नाही.

रंगवलेली अंडी आणि ससे तर युरोपातल्या वसंताचे. तिथे त्या सुमारास बर्फ वितळून गवत वर येतं. आमच्याकडे तेव्हा हरभरा, गहू निघालेला असतो, रानं उघडी पडलेली असतात आणि ऊन तापायला लागतं. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो पुष्कळदा हनुमान जयंतीच्या जवळपास येतो. 2026 मध्ये हनुमान जयंती 2 एप्रिलला आणि ईस्टर 5 एप्रिलला. आमच्या मुलांना ईस्टरची आठवण अंड्यापेक्षा चंद्र चांगली करून देतो.

मग शिकवायचं काय? मला वाटतं, मूळ गोष्ट जशी आहे तशी. ती आपल्या उपदेशांपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सगळ्यांत जुन्या ज्या संपूर्ण प्रती सापडल्या आहेत, त्यांत गोष्ट संपते ती कबरीपासून घाबरून पळालेल्या बायकांवर. त्या कोणाला काही सांगत नाहीत. योहानाच्या गोष्टीत मरिया रडत असते आणि समोर उभ्या येशूलाच ती माळी समजते. थोमाला खुणा पाहिल्याशिवाय पटत नाही, आणि खुणा असतातही. उठलेल्या येशूच्या हातांवरच्या जखमा पुसल्या गेलेल्या नाहीत. त्याआधी लाजाराच्या कबरीपाशी येशू स्वतः रडतो, आणि तेही त्याला उठवण्याच्या काही क्षण आधी. म्हणजे रडणं हे विश्वास कमी असल्याचं लक्षण नव्हे. एवढं एक जरी मुलाच्या मनात राहिलं तरी धडा वाया गेला नाही.

आणि शनिवार. शुक्रवार आणि रविवार यांच्यामधल्या या दिवसाबद्दल शुभवर्तमानं फार थोडं बोलतात. लूक एवढंच सांगतो की बायकांनी आज्ञेप्रमाणे शब्बाथ पाळून विसावा घेतला. त्या दिवशी त्यांना उद्याचं काहीच ठाऊक नव्हतं. आपण मात्र शुक्रवारची उपासना संपली की थेट रविवारच्या गाण्यांवर उडी मारतो, कारण शेवट आपल्याला ठाऊक असतो. बाप गेलेलं पोर शनिवारातच राहत असतं. त्याला रविवार सांगायचा तर आधी त्याच्या शनिवारात जाऊन बसावं लागतं.

पंडिता रमाबाईंना हे कोणी शिकवायची गरज नव्हती. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि बहीण काही महिन्यांत गेले. पुढे 1896-97च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे 300 मुली आणल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ख्रिस्ताची गोष्ट ऐकणाऱ्या त्या मुलींनी भूक आणि मरण दोन्ही जवळून पाहिलं होतं. 1921 मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. साध्या माणसांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्याचं त्यांचं काम तरीही थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या आणि ते भाषांतर 1924 मध्ये छापून आलं. लेक परत येणार नाही हे ठाऊक असताना ‘तो उठला आहे’ हे मराठीत आणणाऱ्या कामात एक बाई गुंतून राहते, याला मी विश्वास म्हणते. त्याला पुराव्याची जोड नव्हती आणि दुःखावर पांघरूण घालायची घाईही नव्हती.

कोणी म्हणेल, लहान मुलांना एवढा अंधार कशाला? पण आमच्या जिल्ह्यात अंत्ययात्रा मुलांच्या डोळ्यांसमोरूनच जाते. अंधार आधीपासून आहे. आपण त्याबद्दल बोललो नाही तर ती एकटी बोलत बसतात, मनातल्या मनात.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: ताईच ‘माहीत नाही’ म्हणू लागली तर मुलं विश्वास कशावर ठेवतील? मला वाटतं, माहिती आणि आशा यांतला फरक आठ वर्षांच्या मुलाला कळतो. पाऊस येईल असं त्याचे आजोबा रोज म्हणतात. त्यांना तारीख ठाऊक नसते, पण म्हणून ते नांगरायचं थांबत नाहीत. त्या मुलाला मी एवढंच सांगितलं: तुझे बाबा उद्या परत येतील असं ही गोष्ट म्हणत नाही. मरण खरं आहे, पण शेवटचा शब्द त्याचा नाही, असं ती म्हणते. मला हे सिद्ध करता येणार नाही, पण माझी तशी आशा आहे. तुला राग आला तरी चालेल, रडू आलं तरी चालेल. तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी मात्र आला.

महाराष्ट्रात बऱ्याच मंडळ्या ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात जमतात. अजून पुरतं उजाडलेलं नसतं. कबरी झाडलेल्या असतात, त्यांच्यावर फुलं आणि मेणबत्त्या असतात, आणि लोक आपापल्या माणसांपाशी उभे राहून आनंदाची गाणी गातात. एकही कबर उघडलेली नसते, हे तिथल्या प्रत्येकाला दिसत असतं. मुलांना तिथे नेताना काही समजावून सांगावं लागत नाही. फुलं त्यांच्या हातात द्यायची आणि कोणाची कबर कुठे आहे ते दाखवायचं.