साप गेले नाहीत, औषध मिळाले



पाऊस सुरू झाला की आपल्याकडे एक बातमी हमखास कानावर येते. कुणाच्या मोरीत साप निघाला, कुणाच्या बुटात, कुणाच्या स्कूटरच्या सीटखाली. ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी राहणारे, कल्याणला मलंगगडाच्या बाजूला राहणारे, डोंबिवलीत शीळ रस्त्यालगत नवे घर घेतलेले, सर्वांचाच हा अनुभव आहे. ह्यात नवल नाही. आज जिथे आपल्या इमारती उभ्या आहेत, तिथे कालपरवापर्यंत भातशेती, खाजणे आणि रान होते. बिळात पाणी शिरले की सापाला कोरडी जागा हवी असते, आणि आपल्या कचऱ्यावर पोसलेले उंदीर त्याला आपल्या दाराशी आणतात.

बहुतेक वेळा असा प्रसंग हसण्यावारी जातो. नेहमीच नाही. २०२५ च्या सप्टेंबरअखेर डोंबिवलीत एक लहान मुलगी आणि तिची मावशी ह्या दोघींचा सर्पदंशाने मृत्यू झाला. अशा दुःखापुढे शब्द अपुरे पडतात. पण गप्प बसणेही बरोबर नाही. म्हणून आज आपण ह्या विषयाकडे देववचनाच्या प्रकाशात पाहू या.

दर १४ सप्टेंबरला, पवित्र क्रुसाच्या विजयाच्या सणाला, गणना ह्या पुस्तकातील एकविसाव्या अध्यायाचे वाचन आपण ऐकतो. रानात कुरकुर करणाऱ्या इस्राएल लोकांना विषारी साप चावू लागले आणि पुष्कळ माणसे मेली. लोक मोशेकडे आले व म्हणाले की साप आमच्यापासून दूर व्हावेत म्हणून देवाकडे प्रार्थना कर. मोशेने प्रार्थना केली. परंतु देवाने काय केले हे नीट वाचा. साप निघून गेले असे तिथे लिहिलेले नाही. देवाने पितळेचा सर्प करून खांबावर लावायला सांगितले. ज्याला साप चावेल त्याने त्याकडे पाहावे आणि जगावे. लोकांनी मागितली सापांपासून सुटका. देवाने दिला दंशावर उपाय. साप रानातच राहिले. आणि उपायाकडे पाहण्याचे काम ज्याचे त्याला करावे लागले.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आपल्याच धर्मग्रामातील एका घरातून पहाटे निरोप आला. जमिनीवर झोपलेल्या एका बाईंना रात्री पोटात दुखू लागले. घरच्यांना अपचन वाटले. थोड्या वेळाने त्यांच्या पापण्या जड झाल्या, बोलणे अडखळू लागले, तेव्हा कुणीतरी हातावरच्या दोन बारीक खुणा पाहिल्या. एक शेजारी मुळी देणाऱ्या जाणत्याला आणायला धावला. बाकीच्यांनी रोझरी सुरू केली. आम्ही पोहोचलो आणि आम्हीही गुडघे टेकले. ह्यात पाऊण तास गेला. शेवटी नर्सिंगचे शिक्षण घेणारी एक मुलगी म्हणाली, "फादर, प्रार्थना रिक्षात करू या." त्या बाई वाचल्या, पण कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर राहून. त्या पाऊण तासाचा हिशोब आम्हाला अजून देता येत नाही. गुडघे टेकण्यात आमची चूक नव्हती. गाडी न बोलावता गुडघे टेकण्यात होती.

तो साप मण्यार असावा असे डॉक्टर म्हणाले. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. आपल्याकडे माणसाच्या जिवावर उठणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. ह्या चौघांच्या विषावर एकच लस चालते. ती कशी बनते हेही जाणून घेण्यासारखे आहे. घोड्याला विषाची थोडी थोडी मात्रा टोचतात. त्याच्या रक्तात त्या विषाला तोंड देणारे जे घटक तयार होतात, त्यांचे हे औषध. ज्या विषाने माणूस मरतो, त्यातूनच त्याला वाचवण्याची वाट निघते. मोशेने उंचावलेला सर्पही दंश करणाऱ्याच्याच रूपाचा होता. आणि तसेच मानवपुत्राला उंच केले जाईल, हे प्रभू येशूने निकदेमाला सांगितले (योहान ३:१४). आपले मरण स्वतःवर घेऊन त्याने आपल्याला जीवन दिले.

मग मुळ्या, पाने, मंत्र ह्यांचे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात एका कॅथोलिक धर्मगुरूचा वाटा आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. येशूसंघीय फादर कायस आणि डॉ. म्हसकर ह्या दोघांनी मुंबईच्या हाफकिन संस्थेत सर्पदंशावर गुणकारी समजल्या जाणाऱ्या तीनशेहून अधिक वनस्पती तपासल्या. १९३१ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा, की त्यांतील एकही वनस्पती विष रोखत नाही की उतरवत नाही. परळ इथून लोकलने तासाभराच्या अंतरावर आहे. तरीही इतक्या वर्षांनंतर आपण जाणत्याच्या दारात वेळ घालवतो. पुष्कळ साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही काही वेळा विष न सोडता चावतो. अशी माणसे आपोआप बरी होतात आणि मुळीला श्रेय मिळते.

परंतु इतरांकडे बोट दाखवण्याआधी आपण आपल्या घरात डोकावू. गळ्यातील पदक, पवित्र पाणी, आशीर्वादित मेणबत्ती ही श्रद्धेची चिन्हे आहेत. त्यांचाच आपण ताईत केला, तर जाणत्यात आणि आपल्यात फरक तो काय? इस्राएल लोकांनी पुढे त्याच पितळी सर्पापुढे धूप जाळायला सुरुवात केली, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला (दुसरे राजे १८:४). बेनसिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय आजाऱ्याला प्रार्थना करायला सांगतो आणि त्याबरोबरच वैद्याला त्याची जागा द्यायला सांगतो, कारण वैद्यही देवानेच निर्माण केला आहे. प्रार्थना आणि दवाखाना ह्यांत भांडण नाही.

हा प्रश्न लहान नाही. २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली एका अभ्यासात मांडला गेला. त्यांत खेड्यांतील शेतकरी आणि मजूरच जास्त. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्मे करण्याचा आराखडा केंद्र सरकारने २०२४ मध्ये जाहीर केला आहे. आपल्या वाट्याचे काम मात्र आपल्या घरापासून सुरू होते.

साप चावल्यास माणसाला धीर द्यावा, चालू देऊ नये. हातातील बांगड्या, अंगठी काढावी. चावलेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. करकचून दोरी बांधू नये, चिरा देऊ नये, तोंडाने विष ओढू नये. साप पकडून नेण्याची गरज नाही. लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने लस असलेले रुग्णालय गाठावे. आपल्या जवळच्या कोणत्या रुग्णालयात लस आणि व्हेंटिलेटर दोन्ही आहेत, ह्याची चौकशी प्रत्येक कुटुंबाने ह्याच आठवड्यात करून ठेवावी. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. रात्री बॅटरी घेऊनच बाहेर पडावे. घराभोवतीचा कचरा, विटा, लाकडे हलवावीत. आणि ज्यांच्याकडे मच्छरदाणी नाही, अशी आपल्या बांधकामांवरची, वीटभट्टीवरची कुटुंबे आपल्याला दिसतात. त्यांना एक मच्छरदाणी देणे हेही प्रेमाचे कृत्य आहे.

शेवटी सापाविषयी. एदेन बागेतील कथेमुळे साप दिसताच काठी उचलणे म्हणजे जणू सैतानाला मारणे, असे आपल्याला वाटते. मागच्या पावसाळ्यात चर्चच्या आवारात आपल्या मुलांनी एक साप ठेचला आणि आपण मोठ्यांनी शाबासकी दिली. तो बिनविषारी कवड्या होता. मण्यारीसारखा दिसतो, एवढाच त्याचा अपराध. प्रभू येशूने तर शिष्यांना सापासारखे चतुर व्हा असे सांगितले. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात शिकवले, की प्रत्येक प्राण्याला देवापुढे स्वतःचे मोल आहे. साप दिसल्यास दूर उभे राहून नजर ठेवावी, मुलांना मागे न्यावे आणि जाणकार सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ ह्या क्रमांकावर कळवावे.

साप आपल्या शेजारी राहणारच आहेत. देवाने त्या रानातही ते काढून नेले नाहीत. पण वाचण्याचा मार्ग त्याने तेव्हाही दिला आणि आजही दिला आहे. त्या मार्गावर वेळेवर पाऊल टाकण्याची सद्बुद्धी प्रभू आपणा सर्वांना देवो, आणि ज्यांनी आपली माणसे अशी गमावली त्यांचे सांत्वन करो. आमेन.