पाच नंबरची ट्राम

मिलिंद राजा नागसेन भिक्षूला भेटायला रथातून आला होता. भिक्षूने त्याला विचारले, दांडा म्हणजे रथ का? आख? चाके? राजा एकेकाला नाही म्हणत गेला. मग रथ आहे तरी कुठे? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातल्या संवादाचे उत्तर असे, की भाग एकत्र आले म्हणजे व्यवहारापुरते ‘रथ’ हे नाव पडते. माणसाचेही तसेच.

आइल ऑफ मॅन या बेटावर हा प्रश्न रुळांवरून धावतो. लॅक्सी गावातून स्नेफेल डोंगराच्या माथ्याकडे जाणारी विजेची ट्राम १८९५ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी एकाच घडणीच्या सहा गाड्या आल्या. दोन रुळांच्या मधोमध तिसरा रूळ आहे. उतारावर ब्रेकने तो चिमटीत धरता येतो.

१९७० मध्ये पाच नंबरची गाडी जळाली. पुढच्या वर्षी तिच्यावर नवा डबा चढला, नंबर मात्र तोच राहिला. मग १९७७ ते १९७९ या काळात सर्वच गाड्यांच्या मोटरी बदलल्या. नव्या बसवलेल्या मोटरी जर्मनीतल्या आखेन शहराच्या जुन्या ट्रामच्या होत्या. म्हणजे डबा १९७१चा, मोटरी परक्या गावच्या, आणि गाडी १८९५ची!

‘पाळण्यातले मूल आणि मोठा माणूस एकच का?’ या प्रश्नावर नागसेनाने रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला दिला होता. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत तीच नव्हे, वेगळीही नव्हे. पण दिवा अखंड जळत होता. पाच नंबरची गाडी मध्ये थांबली होती. तिथे रथाचाच दाखला लागू पडतो. लोकांनी तिला पुन्हा त्याच कामाला जुंपले, त्याच नावाने हाक मारली.

भागांतच गाडीचे ‘स्वत्व’ असते, तर जुना डबा टिकवून असलेली तीन नंबरची गाडी पाचपेक्षा अस्सल ठरली असती. ३० मार्च २०१६ रोजी ती माथ्यावरून रिकामीच सुटली, उतारावर वेग घेत रुळांवरून उडाली आणि तिचा चक्काचूर झाला. तिचे तुकडे डोंगरावर पडले होते. त्यांत ‘तीन नंबर’ कुठेच नव्हता. उरल्या पाच गाड्या: एक, दोन, चार, पाच, सहा.